विषाणूची चाचणी : कुठली, कितीला आणि किती वेळा

कामोठ्यात रक्त द्यायला लांब जावं लागत नाही. मानसरोवर स्टेशनला उतरून कुठल्याही सेक्टरमध्ये शिरा, औषधाच्या दुकानाला खेटून एखादं कलेक्शन सेंटर सापडतंच. सकाळच्या पेपरातून पडणाऱ्या पत्रकांवर साठ-सत्तर चाचण्यांचं ‘फुल बॉडी चेकअप’ दीड-दोन हजारांत मिळतं. धडधाकट माणसाने ते करावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घरात किडनी बदललेला, केमो चालू असलेला, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेला, एचआयव्हीची औषधं घेणारा किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडवर असलेला रुग्ण असेल, तर त्या पत्रकाचा काही उपयोग नाही. त्याला ताप आला की डॉक्टर चिठ्ठीवर ‘सीएमव्ही पीसीआर’ किंवा ‘एचबीव्ही डीएनए’ लिहितात, काउंटरवरचा मुलगा साडेपाच हजार सांगतो आणि नातेवाईक विचारतात, “यात स्वस्तातलं काही नाही का?”

स्वस्तातलं असतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या भागात अशी घरं थोडी नाहीत. खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे, तिथे बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतात. सायन-पनवेल महामार्गालगत एमजीएम मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. बेलापूरच्या अपोलोत किडनी आणि लिव्हर बदलतात. उपचारासाठी बाहेरगावाहून आलेली कुटुंबं खारघर-कामोठ्यात खोली भाड्याने घेऊन महिनोन् महिने राहतात आणि मधल्या तपासण्या जवळच्या लॅबमध्येच करतात. हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. कुठली चाचणी करायची हे डॉक्टरच ठरवतील. ती नीट, एकदाच आणि रास्त दरात कशी करून घ्यायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

स्वस्त चाचणी का फसते

विषाणू शोधायचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी मोजतात. रिपोर्टवर आयजीएम आणि आयजीजी दिसतात ते हेच. दुसऱ्या मार्गात खुद्द विषाणू शोधतात, म्हणजे त्याचं प्रथिन, नाहीतर पीसीआर करून त्याचं जनुकीय द्रव्य. पहिला मार्ग शेकड्यांत होतो, पीसीआर हजारांत जाते.

अँटिबॉडी बनवायचं काम प्रतिकारशक्तीचं. तीच औषधाने दाबून ठेवली असेल तर आत विषाणू वाढत असताना आयजीएम निगेटिव्ह येऊ शकतं. उलटंही होतं. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिनची बाटली चढवली असेल, तर दात्याच्या अँटिबॉडी रुग्णाच्या रिपोर्टवर उमटतात आणि नसलेला संसर्ग असल्यासारखा दिसतो. म्हणून हिपॅटायटिसची तपासणी करायची असेल तर नमुना बाटली लावण्याआधी द्यावा. हे सांगायला फुकट आहे, पण वॉर्डातल्या घाईत राहून जातं.

सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, हे याचं नेहमीचं उदाहरण. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांना हा विषाणू लहानपणीच गाठतो आणि मग आयुष्यभर शरीरात निजून राहतो. त्यामुळे आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर फक्त तो कधीकाळी येऊन गेला एवढं कळतं. ट्रान्सप्लांटपूर्वी दाता आणि रुग्ण दोघांचं आयजीजी पाहतात, तिथे त्याला अर्थ आहे. ट्रान्सप्लांटनंतरच्या तापात ते पुन्हा करणं म्हणजे पाचशे-हजार रुपये वाया. तिथे पीसीआरच लागते, तीही रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी. चिठ्ठीवर ‘क्वांटिटेटिव्ह’ लिहिलेलं असतं ते यासाठी. ‘क्वालिटेटिव्ह’ थोडी स्वस्त पडते, पण ती फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते, आणि उपचाराने उतार पडतोय का हे त्यातून कळत नाही. काउंटरवर हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात, तेव्हा पावतीवर कुठला छापलाय ते वाचूनच पैसे द्या.

टॉर्च प्रोफाइल हा असाच एक हकनाक खर्च. त्यात सीएमव्हीचं नाव असतं, म्हणून कुणीतरी सुचवतं. ही चाचणी मुळात गरोदरपणातल्या तपासणीसाठी बनलेली, आणि तीही अँटिबॉडीचीच. केमोच्या रुग्णाला तिचा फायदा शून्य. नागीण उठली तर ती डॉक्टर डोळ्यांनी ओळखतात. शंका असेल तर फोडातला स्राव पाठवतात, रक्तातल्या आयजीएमची गरज सहसा पडत नाही. पावसाळ्यात डेंगीचा संशय आला तर पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ करावी, कारण तीही विषाणूचं प्रथिनच पकडते.

महागड्या पीसीआरचीही एक मर्यादा आहे. सीएमव्ही आतड्यात, फुप्फुसात किंवा डोळ्यात बसला असेल तर रक्ताची पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते. रिपोर्ट स्वच्छ आला आणि जुलाब थांबत नाहीत, तर डॉक्टर एंडोस्कोपी करून तुकडा तपासायला पाठवतील. तेव्हा ‘मग आधीचे पाच हजार कशाला घालवले’ असं वाटतं, पण दोन्ही तपासण्यांची गरज असते.

दर

खाजगी लॅबमध्ये या चाचण्यांना सरकारी कमाल दर नाही. त्यामुळे एकाच चाचणीचा आकडा दोन चौकांत वेगळा ऐकू येतो. पुढचे आकडे अंदाजासाठी आहेत, फोन करून पक्का दर विचारूनच निघा.

सीबीसी अडीचशे ते पाचशे. हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी अडीचशे ते सातशे, हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी सहाशे ते तेराशे, एचआयव्हीची एलायझा चारशे ते नऊशे. ‘व्हायरल मार्कर’ म्हणून या तिन्ही एकत्र मागतात, तेव्हा बिल बहुधा हजार ते दोन हजारांच्या आसपास जातं. कार्डवरची झटपट चाचणी त्याहून स्वस्त असते, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला ती पुरेशी आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. हिपॅटायटिस बीची टोटल अँटी-एचबीसी सातशे ते दीड हजार. सीएमव्हीची आयजीजी किंवा आयजीएम प्रत्येकी पाचशे ते हजार.

मोजणाऱ्या पीसीआरमध्ये सीएमव्ही साडेतीन ते सात हजार, हिपॅटायटिस बी आणि सी प्रत्येकी तीन ते सात हजार, एचआयव्ही व्हायरल लोड तीन ते सहा हजार, आणि ईबीव्ही (एपस्टीन-बार व्हायरस) किंवा बीके व्हायरस चार ते आठ हजार. बीके हा किडनी बदललेल्यांचा शत्रू. तो नव्या किडनीलाच धरतो, म्हणून पहिले काही महिने दरमहा तपासतात. घरी येऊन नमुना नेण्याचे शंभर-दोनशे वेगळे लागतात, मोठ्या बिलावर ते सोडूनही देतात. रक्तचाचणी आरोग्यसेवेत मोडते, तिच्यावर जीएसटी नाही. बिलात ती ओळ दिसली तर विचारा.

कोविडमध्ये पीसीआर पाचशेला झाली, मग ही पाच हजारांना का, असा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. मार्च २०२०मध्ये कोविडच्या पीसीआरचा कमाल दर ४,५०० रुपये होता. महाराष्ट्र सरकारने तो टप्प्याटप्प्याने खाली आणला आणि मार्च २०२१अखेर लॅबमध्ये जाऊन दिलेल्या नमुन्यासाठी ५०० रुपये केला. यंत्र जवळपास तेच. फरक नमुन्यांच्या संख्येत आहे. कोविडचे नमुने एका लॅबमध्ये रोज हजारोंनी येत आणि मशिनचा प्रत्येक फेरा भरून निघे. सीएमव्हीचे नमुने दिवसाला मोजकेच येतात, तरी प्रत्येक फेऱ्यात तुलनेसाठी ठेवायचे कंट्रोल नमुने तेवढेच लागतात. शिवाय इथे ‘आहे-नाही’ सांगून भागत नाही, जागतिक मानकाशी जुळवून आकडा द्यावा लागतो. हे सगळं धरूनही सात हजारांचा दर मला चढाच वाटतो. पण तो खाली आणायला कोविडच्या वेळी होता तसा रेटा या रुग्णांच्या मागे नाही.

खरा खर्च पुन्हा पुन्हा करण्याचा

एका चाचणीने घर बुडत नाही. ट्रान्सप्लांटनंतर काही रुग्णांना प्रतिबंधक गोळ्या देण्याऐवजी दर आठवड्याला पीसीआर करतात आणि विषाणू वर सरकू लागला की औषध सुरू करतात. बोन मॅरोच्या रुग्णांत पहिले शंभर दिवस महत्त्वाचे धरतात. आठवड्याला एक चाचणी धरली तर तेवढ्यात चौदा होतात. साडेचार हजारांच्या दराने ते त्रेसष्ट हजार. म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती दिवसांनी, कधीपर्यंत आणि कुठल्या आकड्याला औषध सुरू करणार. मग लॅबकडे जाऊन सांगा की चौदा वेळा यायचं आहे, दर काय लावता? एका चाचणीला सूट न देणारी लॅब चौदाला देते. हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही, हॉस्पिटलं लॅबशी घासाघीस करतातच.

मध्येच लॅब बदलू नका. ही या सगळ्या लेखातली सर्वात जास्त पैसे वाचवणारी सूचना आहे. एकाच दिवसाचा एकाच रुग्णाचा नमुना दोन लॅबना दिला तर आकडे वेगळे येतात, कारण किट वेगळं, पद्धत वेगळी, आणि कुणी प्लाझ्मा वापरतं तर कुणी अख्खं रक्त. एकाकडचे बाराशे आणि दुसऱ्याकडचे पाच हजार शेजारी ठेवून कुणालाच काही ठरवता येत नाही, मग तिसरी चाचणी करावी लागते. दोनशे रुपये वाचवायला दुसरीकडे गेलात तर साडेचार हजार जातात.

आकडा वाचायचीही एक रीत आहे. रिपोर्टवर दोन आकडे असतात, एक ‘आययू प्रति मिली’मध्ये आणि एक ‘लॉग’मध्ये. लॉग एकाने वाढला म्हणजे विषाणू दहापट झाला. अर्ध्या लॉगपेक्षा कमी फरक मोजण्यातल्या चढउताराचाही असू शकतो. १,५०० आययू म्हणजे ३.१८ लॉग आणि ४,००० म्हणजे ३.६०. साध्या आकड्यात अडीचपटीहून जास्त झाल्यासारखं वाटून घर हादरतं, पण फरक अर्ध्या लॉगच्या आतला आहे. १,५००चे १५,००० झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे सापडला नाही. ‘डिटेक्टेड, बिलो क्वांटिफिकेशन’ म्हणजे सापडला, पण मोजता येईल एवढा नाही.

आणि घाबरून तिसऱ्याच दिवशी पुन्हा चाचणी करू नका. एवढ्यात आकड्यात भरवशाचा फरक पडत नाही, डॉक्टरही साधारण आठवड्याने करतात ते त्यामुळेच.

लॅबला विचारायचं काय

कामोठ्यातल्या कलेक्शन सेंटरवर फक्त रक्त काढतात, पीसीआर तिथे होत नाही. तेव्हा पहिला प्रश्न, “नमुना कुठल्या लॅबला जाणार?” दुसरा, “त्या लॅबला या चाचणीसाठी एनएबीएलची मान्यता आहे का?” लॅबला मान्यता असणं वेगळं आणि त्या विशिष्ट चाचणीसाठी असणं वेगळं. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबचं नाव टाकून चाचण्यांची यादी पाहता येते. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची हवी. पॅथॉलॉजी रिपोर्टवर नोंदणीकृत पदव्युत्तर डॉक्टरचीच सही असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये स्पष्ट केलं आहे.

ट्यूबकडेही लक्ष असू द्या. विषाणू मोजायच्या पीसीआरला सहसा जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब लागते. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये हेपारिन असतं आणि ते पीसीआरच्या कामात अडथळा आणतं. केमो-पोर्टमधून रक्त काढणार असतील तर तिथेही हेपारिन असू शकतं, म्हणून आधीचं थोडं रक्त टाकून द्यायला सांगा. रक्तातून प्लाझ्मा वेळेत वेगळा करून थंड ठेवावा लागतो. शनिवारी संध्याकाळी दिलेला नमुना लॅबला कधी पोहोचणार, हे विचारल्याशिवाय देऊ नका. सोमवार ते गुरुवार सकाळी दिलेला बरा. उपाशीपोटी यायची गरज नाही, कुणी पहाटेपासून रुग्णाला उपाशी ठेवलं असेल तर त्याला आधी चहा-बिस्किट द्या. रिपोर्टला एक ते चार दिवस लागतात. पीसीआरचा रिपोर्ट ‘दोन तासांत’ सांगत असतील तर नेमकी कुठली चाचणी करताय, ते पुन्हा विचारा.

चिठ्ठी एका ठराविक लॅबचीच का, हाही प्रश्न मनात येतो. कधी त्यामागे खरं कारण असतं: डॉक्टरांना एकाच लॅबचे आकडे हवे असतात, आणि ते योग्यच आहे. कधी नसतं. ‘कट’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. विंचूदंशावरच्या संशोधनाने जगभर ओळखले जाणारे, आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल धाडलेला १,२०० रुपयांचा धनादेश थेट मेडिकल कौन्सिलपुढे ठेवला होता. पुढे २०१७मध्ये राज्याने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला. तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “हीच लॅब का?” ज्यांच्याकडे कारण असतं ते एका वाक्यात सांगतात.

फुकट काय मिळतं

एचआयव्हीसाठी खाजगीत व्हायरल लोड करण्याची कुणावरही वेळ येऊ नये. सरकारी एआरटी केंद्रात औषधं, सीडी४ आणि व्हायरल लोड मोफत आहेत. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि आकडा दबलेला राहिला तर पुढे वर्षातून एकदा व्हायरल लोड करतात. तपासणी आणि समुपदेशन आयसीटीसी या सरकारी केंद्रात मोफत होतं. जवळचं केंद्र १०९७ या हेल्पलाइनवर कळतं. एचआयव्हीची चाचणी रुग्णाच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. याबाबतचा २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे आणि तो खाजगी लॅबलाही बांधतो. सोसायटीच्या गेटवर रिपोर्टचं पाकीट ठेवून जाणाऱ्याला हे सांगा.

हिपॅटायटिस बी आणि सीसाठी २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी, व्हायरल लोड आणि औषधं मोफत आहेत. केमो किंवा रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शन सुरू करण्याआधी हे फार कामी येतं. जुना, दबलेला हिपॅटायटिस बी या औषधांनी जागा होतो आणि लिव्हर निकामी करू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३मध्ये रिटुक्सिमॅबवर याचा सर्वात कडक इशारा छापायला लावला. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी एचबीएसएजी आणि टोटल अँटी-एचबीसी, दोन्ही. फक्त पहिली केली तर लपलेला संसर्ग निसटतो. खाजगीतही दोन्ही मिळून हजार-दोन हजारांत होतात. एवढ्या खर्चात एवढं मोठं संकट टाळणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. डायलिसिसच्या रुग्णांनी लक्षात ठेवावं की त्यांच्यात हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी कधी कधी उमटत नाही, तेव्हा डॉक्टर पीसीआर सांगतात ते उगाच नाही.

आता पत्ता. पत्रावर ‘नवी मुंबई’ लिहिलं तरी कामोठे नवी मुंबई महापालिकेत नाही. १ ऑक्टोबर २०१६ला स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात आहे. सरकारी कार्यक्रमाची पहिली चौकशी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात करा, तिथून गरजेप्रमाणे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईत पाठवतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि रेशनकार्ड असलेल्या सगळ्यांना ती खुली केली आहे. योजनेत दाखल असताना लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. तुम्हाला वेगळे पैसे भरायला किंवा बाहेरून रक्त तपासून आणायला सांगितलं, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. घरी आल्यानंतरच्या आठवड्याच्या पीसीआर मात्र योजनेत सहसा बसत नाहीत. तिथे टाटासारख्या ठिकाणी मेडिकल सोशल वर्करशी बोला. कुठल्या संस्थेकडून मदत मिळते हे त्यांना ठाऊक असतं.

खाजगी विमा असेल तर दाखल होण्यापूर्वीच्या साधारण ३० आणि घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्च मिळतो; तुमच्या पॉलिसीत नेमके किती दिवस आहेत ते पाहा. प्रत्येक वेळी डॉक्टरांची चिठ्ठी, पक्की पावती आणि रिपोर्ट, तिन्ही हवेत. दर आठवड्याला चाचणी असेल तर एकच चिठ्ठी दाखवून भागत नाही, म्हणून डॉक्टरांकडून ‘दर आठवड्याला, अमुक तारखेपर्यंत’ असं लिहून घ्या.

आणि धर्मादाय रुग्णालय असेल, तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि ही सवलत तपासण्यांनाही लागते. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो निघायला वेळ जातो, त्यामुळे रुग्णाला दाखल करायच्या आधीच सेतू केंद्रात अर्ज टाकून ठेवा.